बेपत्ता विभागात न राहणारे पायगोंडा

प्रिय श्रेया आणि अर्हम,

पुढच्या आठवड्यात कुरिअरने तुम्हाला आपली छापील वंशावळ मिळेल. तिच्यात पायगोंडा हे नाव दोनदा दिसेल. छपाईची चूक समजून मला फोन करू नका. मी आयुष्यभर कॉलेजची लायब्ररी सांभाळली. प्रुफं तीनदा तपासली आहेत. पण ते नाव दुसऱ्यांदा कसं आलं, हे आत्ताच लिहून ठेवलेलं बरं. तुमचा बाबा सांगेल, पण हसत हसत सांगेल आणि निम्मं चुकवेल.

आधी स्पष्ट करते – असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. आमच्या लायब्ररीत मागच्या दालनात खुर्च्या आपोआप सरकतात, असं शिपाई सांगायचे. मी खुर्च्यांच्या पायांना रबरी बुचं लावून घेतली. आवाज थांबला. भूत असतं तर त्याने निदान तक्रार केली असती.

लायब्ररीत कॉम्प्युटर आले तेव्हा जुन्या कार्डांचा एक लाकडी ड्रॉवर मी घरी आणला होता. वंशावळीसाठी तोच काढला. प्रत्येक पूर्वजाचं एक कार्ड, त्यावर क्रमांक. कार्डांना खाली भोक असतं आणि सगळ्यांतून एक पितळी सळई जाते. पुढचा स्क्रू काढून सळई ओढल्याशिवाय एकही कार्ड हलत नाही. आमच्या कॉलेजच्या मुलांनासुद्धा ते जमलं नव्हतं, म्हणजे बघा.

शेवटचा विभाग होता ‘बेपत्ता’. त्यात एकच कार्ड – पायगोंडा देवगोंडा, तुमच्या आजोबांचे पणजोबा, एकोणिसाव्या शतकातले. ते बायकामुलं टाकून निघून गेले, असं भावकीत सगळे सांगत. लग्नाकार्यात वाडवडिलांची नावं घेतात, त्यातही त्यांचं घेत नसत. मला एक मोडी कागदही मिळाला होता. मोडी जाणणाऱ्या एका गृहस्थांनी तो वाचून दिला – ‘पायगोंडा बिन देवगोंडा, ठावठिकाणा नाही.’ बिन म्हणजे अमक्याचा मुलगा. लेखी पुरावा. माझ्या दृष्टीने विषय संपला.

अक्कांच्या दृष्टीने नाही. अक्का म्हणजे आजोबांच्या थोरल्या बहीण. कागलला असतात, वय शहाऐंशी. त्यांना त्यांच्या आज्जीने, म्हणजे या पायगोंडांच्या सुनेने वाढवलं.

“माझ्या आज्जीनं त्यांच्या तोंडात पाणी घातलंय,” अक्का म्हणाल्या. “घरातच गेल्यात ते. ती बाई खोटं बोलंल व्हय?”

“अक्का, लेखी काही आहे का?”

“मरताना सही घ्यायची असती व्हय गं?” मग म्हणाल्या, “मी हाय तवर त्यांचं नाव नीट लाव. त्या म्हातारीला मी शब्द दिलाय.”

मी मान हलवली आणि घरी येऊन काहीच केलं नाही. पुरावा म्हणजे पुरावा.

दुसऱ्या दिवशी सकाळी ड्रॉवर उघडला, तर पायगोंडांचं कार्ड ‘बेपत्ता’त नव्हतं. ते पुढे होतं, त्यांच्या बायकोच्या, गंगव्वांच्या कार्डाशेजारी. सळई जागेवर, स्क्रू घट्ट.

मी आजोबांकडे बघितलं.

“माझा चष्मा मला सापडत न्हाय,” ते म्हणाले, “तुझी कार्डं कुठनं सापडणार?”

कामाला येणाऱ्या सुमनला विचारलं. “बाई, मी वरनं फडकं मारते. आतल्या माणसांशी माझं काय भांडाण न्हाय.”

मी कार्ड परत मागे लावलं. दोन दिवसांनी पुन्हा गंगव्वांशेजारी. मग ड्रॉवर कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली माझ्या पर्समध्ये आणि पर्स घेऊन मी दिवसभर कागलला. अक्कांना सांगितलं, तर त्यांना जराही नवल वाटलं नाही.

“तू घरची सून. सासऱ्याच्या आज्ज्याचं नाव नुसतं ‘पायगोंडा’ असं लिवलंस. ‘अप्पा’ न्हाय, काय न्हाय. राग यील न्हायतर काय?”

संध्याकाळी घरी येऊन आजोबा आणि सुमन, दोघांच्या समोर कुलूप काढलं. कार्ड गंगव्वांशेजारी होतं. यावेळी ‘बेपत्ता’ही रिकामा नव्हता. तिथे एक कोरं कार्ड होतं. क्रमांक नाही, अक्षर नाही, खालच्या भोकातून सळई मात्र गेलेली.

“बाई,” सुमन म्हणाली, “त्यांनी बदली माणूस दिला की.”

मी, इंग्रजीत एम. ए. झालेली बाई, ड्रॉवरला हात जोडून म्हणाले, “मामंजी, थोडा वेळ द्या.” आजोबा अजून याची आठवण काढतात.

पण कोरं कार्ड डोक्यातून जाईना. एकाच्या जागी दोन? म्हणून मी आमच्या हेळव्याला बोलावलं. हेळवी म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेल्या घरांच्या वंशावळी सांभाळणारा माणूस. सुगीनंतर बैलावर बसून यायचा, घराण्याची नावं म्हणून दाखवायचा आणि धान्य घेऊन जायचा. आमचा यल्लाप्पा आता मोटरसायकलवर येतो. इतकी वर्षं मी त्याला चहा आणि धान्य देत होते, पण विचारलं कधीच नव्हतं. त्याची वही मला लेखी पुरावा वाटली नव्हती.

त्या दिवशी अक्काही आल्या होत्या. यल्लाप्पाने वहीवर बोट ठेवलं.

“कुठला पायगोंडा, बाई? थोरला का धाकटा?”



आपल्याकडे नातवाला आज्ज्याचं नाव ठेवतात. पायगोंडाचा मुलगा देवगोंडा, त्याचा मुलगा पुन्हा पायगोंडा. आणि थोरल्यांच्या वडिलांचं नावही देवगोंडाच. म्हणजे दोघंही ‘पायगोंडा बिन देवगोंडा’. यल्लाप्पाने वाचलं – थोरला पायगोंडा, घरात वारला, सुनेने पाणी दिलं. धाकटा पायगोंडा, लग्न नाही, लहान वयात घर सोडून गेला, आला नाही.

माझा कागद धाकट्याचा होता.

अक्का म्हणाल्या, “म्हंजे आज्जीचा थोरला ल्योक. माझा चुलता.” सासऱ्याचं नाव सुनेने घ्यायचं नाही, हा घरचा रिवाज. मुलाला नेमकं तेच नाव. तो गेल्यावर त्या बाईला त्याच्या नावाने हाकही मारता आली नव्हती. ती नाव घेईना, म्हणून पुढच्यांनी एकाचं जाणं दुसऱ्याच्या माथी मारलं.

कोऱ्या कार्डावर धाकट्याचं नाव अक्कांनी स्वतःच्या हाताने लिहिलं. अक्षर वाकडं आहे, मी दुरुस्त केलेलं नाही. त्यानंतर ड्रॉवरमधलं एकही कार्ड हललेलं नाही. गेल्या महिन्यात अक्कांच्या नातीचं लग्न झालं. तेव्हा अक्कांनी दोन्ही नावं मोठ्याने घेतली, मांडवातल्या शेवटच्या खुर्चीपर्यंत ऐकू जातील अशी.

कार्ड कोणी हलवलं, कोरं कुठून आलं, मला आजही सांगता येत नाही. माझ्याकडची कोरी कार्डं मी मोजली होती. एकही कमी झालेलं नव्हतं.

थोरल्यांचा फोटो नाही, घर पाडलं गेलं, गंगव्वांचे दागिने कोणाकडे गेले ते माहीत नाही. यल्लाप्पाच्या वहीत दोघांची एकेक ओळ आहे. थोरल्यांनी खणलेली विहीर कागलच्या शेतात आहे. तिला पाणी आहे.

– तुमची आज्जी