देवमनभाऊंनी बुजवलेली भोकं

पत्र्याचं काम करणाऱ्याकडे गोष्टी गंजासारख्या जमतात. वरून काही दिसत नाही, पण एकदा ठोकून पाहिलं, की बदाबदा गळायला लागतात! अजूनही जुने मित्र चहाला जमले, की कोणीतरी म्हणतंच, "वसंता, देवमनभाऊची एखादी सांग ना बे!"

देवमनभाऊ म्हणजे आमच्या गॅरेजचे वेल्डर. पांढुर्ण्यात, सौंसर रोडवरच्या टिनाच्या शेडखाली आम्ही दोघांनी अठ्ठावीस वर्षं काम केलं. ते गाड्यांच्या पत्र्यातली भोकं बुजवायचे, मी वरून पुट्टी आणि पेंट मारायचो. मोठा डेंट कोणीही काढतो हो! पातळ पत्र्यातलं चण्याएवढं भोक बुजवणं ही खरी परीक्षा. जरा आच जास्त लागली, की चण्याचं लिंबू होतं. भाऊ वेल्डिंगचा एक टिपका देत, थांबत, ओल्या फडक्यानं पत्रा थंड करत, मग दुसरा टिपका. "घाई केली का गेलं!" हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

*

सौंसरच्या एका मास्तरांची जुनी कार होती. शेजारच्या सीटपुढे, पायाखालचा पत्रा गंजून मुठीएवढं भोक पडलेलं. खाली रस्ता पळताना दिसायचा! भाऊंनी दिवसभर खपून तिथं नवा तुकडा बसवला. मास्तर खूश.

आठ दिवसांनी मास्तरीणबाई स्वतः हजर.

"भाऊ, भोक बुजवलं ते बरं झालं. पन आता मी संत्र्याच्या बिया टाकू कुठं?"

सौंसर ते पांढुर्णा बाई संत्री सोलत यायच्या, आणि सालं-बिया सगळं त्या भोकातून रस्त्यावर!

भाऊ म्हणाले, "बाई, खिडकी आहे ना."

"खिडकीतून टाकल्या तर लोकं पाहतात ना बाप्पा! मास्तर शाळेत स्वच्छतेवर भाषण देऊन राहिले!"

*

पांढुर्णा जिल्हा झाला आणि गाड्यांवर पाट्या-झेंडे एकदम वाढले. एक पुढारी बॉनेटवर झेंड्याची दांडी लावायला भोक पाडून गेले. चार महिन्यांनी त्यांनी पक्ष बदलला. आले, म्हणाले, "हे भोक बुजवा. जुनी आठवणच नको."

भाऊंनी बुजवलं, मी रंग मारला. काही दिवसांनी साहेब पुन्हा आले. नव्या पक्षाचा झेंडा, नवं भोक. पुढच्या पावसाळ्यात तेही बुजवायला आले, तेव्हा भाऊंनी हातातला वेल्डिंगचा होल्डर खाली ठेवला.

"साहेब, पत्रा थकला आता. भोक राहू द्या, झेंडा बदलवत जा!"

*

बारीक भोक बुजवताना मागून तांब्याची पट्टी धरावी लागते. वितळलेलं लोखंड खाली गळत नाही आणि तांब्याला चिकटतही नाही. एकदा आमची पट्टी हरवली. दुसऱ्या दिवशी भाऊ घरून एक छान, जाड, चपटी पट्टी घेऊन आले. कुठून आणली, सांगेनात!

दुपारी वहिनी आल्या. सरळ भाऊंच्या समोर उभ्या.

"देवघरातला तांब्याचा गडू कुठं आहे?"

पट्टी भाऊंच्या हातात.

वहिनींनी ती घेतली, उलटून-पालटून पाहिली. गडूवर त्यांच्या आईचं नाव कोरलेलं होतं. ठोकल्यावरही दोन अक्षरं शिल्लक होती. वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, आता भाऊंचं काही खरं नाही!

त्यांनी पट्टी परत दिली. म्हणाल्या, "आता ठोकलाच आहे तर नीट सांभाळा. माह्या मायच्या पाठीवर गरम लोखंड टाकून राहिले तुमी!"

त्या दिवसापासून भाऊ पट्टी हातात घेतली, की आधी कपाळाला लावायचे. दर दसऱ्याला वहिनी शेडमध्ये यायच्या. वेल्डिंग मशीनला एक फूल, पट्टीला पूर्ण हार!

*

बोरगावच्या एका शेतकऱ्याचा टेम्पो आला होता, मागच्या फाळक्याला भोकं पडलेला. फाळक्याच्या दोन पत्र्यांमध्ये आदल्या हंगामाचा कापूस अडकलेला, हे कोणाला माहीत! भाऊंनी पहिला टिपका दिला आणि आतून भसाभसा धूर!

मी बादली घेऊन धावलो. चहावाला केटली घेऊन आला. शेजारचा न्हावी तर पाणी मारायची फवाऱ्याची बाटली घेऊन आला. फुस्स, फुस्स!

आग विझली. टेम्पोवाला मात्र हाताची घडी घालून शांत उभा.

"काय हो, घाबरले नाही काय?" मी विचारलं.

"घाबराचं कायले? दोन वर्सांत पहिल्यांदा माह्या कापसासाठी इतके लोकं धावले!"

*

शेवटची चार वर्षं भाऊंचे डोळे कमी झाले होते. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, पण जन्मभर वेल्डिंगचा उजेड पाहिलेले डोळे ते! टिपका भोकाच्या काठावर पडायचा, सुईएवढी छिद्रं राहून जायची. त्यांना ती दिसत नव्हती, मला दिसत होती. सांगू कसं? ज्या माणसाकडे नागपूरहून गाड्या यायच्या, त्याला "भाऊ, छिद्र राहिलं" हे कोणत्या तोंडानं म्हणायचं?

नशिबानं त्याच सुमारास भाऊंची एक सवय बदलली. इतकी वर्षं आम्ही शेडमध्येच डबा खायचो. आता ते दुपारी घरी जायला लागले. टिपके देऊन झाले, की होल्डर ठेवून म्हणायचे, "वसंता, जेवून येतो बाप्पा. भूक लागून राहिली."

मला तेच हवं होतं! ते वळणावरून दिसेनासे झाले, की मी चष्मा लावून राहिलेली छिद्रं वेल्डिंगनं भरायचो, ग्राइंडर मारून पत्रा साफ करायचो. तेवढ्यात भाऊ परत यायचेच. हात फिरवून म्हणायचे, "जमलं."

मी म्हणायचो, "तुमचं काम आहे भाऊ, जमनारच!"

मग ते मुलीकडे नागपूरला राहायला गेले. मागच्या पोळ्याला आले, तेव्हा शेडमध्ये एका व्हॅनचं दार ठेवलेलं होतं. वेल्डिंग माझंच. भाऊंनी डोळे मिटून त्यावरून बोटं फिरवली. एका जागी थांबले.

"हे तूच केलं ना?"

"हो भाऊ."

"काठ बरोबर धरला. चार वर्सांत चांगला हात बसला तुहा."

माझ्या हातातला चहा तसाच राहिला. म्हणालो, "भाऊ, तुमी तर जेवाले जात होते..."

भाऊ हसले. बोटं अजून दारावरच होती.

"जेवाले कोन जात होतं राजा! वळणावरच्या कडुनिंबाखाली बसत होतो. तुहा ग्राइंडर बंद झाला, का येत होतो."