कोपऱ्यातल्या लंगड्या कोंबड्या

आमच्या घरात चातुर्मासात कांद्याला मनाई, आणि घरामागच्या शेडमध्ये पाच हजार कोंबड्या. लग्न होऊन शहागडहून भोकरदनकडच्या या गावात आले, वर्षभरात शेड उभं राहिलं, तेव्हा मला याची गंमत वाटायची. माझं माहेर मटण-कोंबडी खाणारं. इथे सासरे माळकरी. त्यांना सगळे मामा म्हणतात, मीही. नवऱ्यानं शेड टाकायचं ठरवलं तेव्हा मामांनी एकच विचारलं होतं, "कापायचं आपल्याला न्हाई ना?" न्हाई म्हटल्यावर ते तयार झाले. पिल्लं कंपनीची, खाद्य कंपनीचं, आपण फक्त पोसायचं. चाळीस दिवसांनी गाडी येते आणि पक्षी घेऊन जाते. पुढचं आपण बघत नाही.

"आपण पोसणारे," असं मामा पाहुण्यांना सांगायचे, आणि मला तोंड फिरवून हसू आवरावं लागायचं.

पण या कोंबड्यांची जातच अशी बनवलेली आहे की अंग वाढत जातं आणि पाय मागे राहतात. चौथ्या आठवड्यात काही पक्षी बसतात ते उठतच नाहीत. पाण्याची नळी वर, तिथवर चोच पोचत नाही. कंपनीचा सुपरवायझर पहिल्याच बॅचला म्हणाला, "अशी दिसली की लगेच मान मोडायची. ठेवून उपयोग नाही." त्यानं एक मोडूनही दाखवली. मामा तडक बाहेर निघून गेले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी शेडच्या एका कोपऱ्यात जाळी लावून वेगळी जागा केली. लंगडा पक्षी दिसला की दोन्ही हातांनी उचलून तिथे ठेवायचे. वाटीत पाणी, पुढ्यात खाद्य. नवरा चिडायचा, पण बापापुढे बोलायची त्याची टाप नव्हती. सकाळची पूजा झाली की मामा स्वतः येऊन वाट्या भरायचे. गावात त्यांचं कौतुक व्हायचं. खरं सांगते, मलाही त्यांचा अभिमान वाटायचा.

मामा वाट्या भरून जायचे आणि दिवसभर शेडमध्ये मी असायचे. खाली अंथरलेलं भाताचं तूस हलवायचं, भांडी धुवायची, मेलेले पक्षी वेचायचे, हे सगळं माझ्याकडे. त्यामुळे त्या कोपऱ्यातली दुपार त्यांना कधी दिसली नाही, मला रोज दिसायची. एकाच जागी बसून कोंबडीच्या छातीची पिसं झडायची, कातडं लाल व्हायचं, मग चिघळायचं. चोच उघडी टाकून, धापा टाकत ती चार-चार दिवस काढायची. गाडीवालेही असला पक्षी उचलत नाहीत. म्हणजे त्या कोपऱ्यातून बरं होऊन कुणीच बाहेर पडत नव्हतं. हे मला तिसऱ्या बॅचलाच कळलं होतं. पण सासऱ्यांच्या पुण्याला हात कोण लावणार, म्हणून गप्प राहिले. त्या गप्प राहण्याची मला अजून लाज वाटते.

गेल्या उन्हाळ्यात एका दुपारी शेडच्या जाळीवर गारव्यासाठी ओली पोती टाकायला गेले, तर कोपऱ्यातल्या एका कोंबडीला मुंग्या लागल्या होत्या. ती जिवंत होती. डोळ्यांची उघडझाप चालली होती. मी पोती तिथंच टाकली, तिला उचललं आणि मान मोडली. मग उरलेल्या सहांकडे पाहिलं. दोघी कशाबशा वाटीपर्यंत सरकत होत्या, त्यांना राहू दिलं. चौघींना नाही. राग इतका आला होता की रडूही येईना. राग मामांचा, कंपनीचा, आणि याच शेडवर इतकी वर्षं घर चालवणाऱ्या माझा स्वतःचाही.

चहाच्या वेळी मी मामांना सगळं सांगितलं. मुंग्यांचंही. त्यांनी कप खाली ठेवला.

"सकाळी तर बऱ्या दिसल्या मला," ते म्हणाले.

"सकाळी वाट्या भरून जाता तुम्ही. दुपारी येऊन बघितलंय का कधी?" इतक्या वर्षांत त्यांच्याशी मी असं कधी बोलले नव्हते.

"लई येळ लागला का तिला?"

"न्हाई. लगेच गेली."

त्यांचे डोळे भरून आले. मग ते हळूच म्हणाले, "बराबर केलंस तू. पुढंबी असं दिसलं तर करून टाकत जा, पोरी. फक्त मला सांगत जाऊ नको."

ते वाक्य मला फार लागलं. पोसायचं यांनी, मारायचं मी, आणि तेही गुपचूप. गाडीवाल्यांकडे पाठ फिरवून आम्ही सगळे जे करत होतो, तेच आता घरातल्या घरात.

"न्हाई मामा," मी म्हणाले. "करायचं ते मी करीन. पण ऐकावं तुम्हाला लागंल."

कोपऱ्यातली जाळी पुढच्या बॅचला त्यांनीच काढली. आता ज्या दिवशी माझ्यावर ती वेळ येते, त्या दिवशी जेवायला वाढताना मी त्यांना सांगते. "आज दोन." कधी तीन. मामा हातातला घास ताटात ठेवतात, थोडा वेळ थांबतात, आणि मग जेवतात.