वर काळा, खाली लाल

बाई गेल्याची बातमी मला एसटीच्या कंडक्टरने दिली. मोहाडीकडून आलेली गाडी आमच्या शाळेसमोर थांबली, त्याने खिडकीतून हाक मारली आणि म्हणाला, "मास्तरीणबाई, तुमच्या जाऊबाई गेल्या ना जी सकाळी." मला रडू यायच्या आधीच मी विचारलं, "तुम्हाले कोनं सांगितलं?" तो बिचारा ओशाळला. परतीच्या त्याच गाडीत बसून मोहाडीला जाताना माझ्या लक्षात आलं, की हा प्रश्न माझा नव्हताच, बाईंचा होता. कुठलीही बातमी आली की त्या आधी हेच विचारायच्या. स्वतःच्या मरणाची बातमीसुद्धा त्यांनी अशीच उलटसुलट तपासून घेतली असती.

बाई म्हणजे सुभद्राबाई, माझी थोरली जाऊ. मोहाडीला बाजाराच्या रस्त्यावर आमचं घर आणि पुढच्या खोलीत भासऱ्यांचं, म्हणजे बाईंच्या यजमानांचं, चामड्याचं काम. शाळेची दप्तरं, कंडक्टरच्या थैल्या, बैलांच्या गळ्यातले पट्टे ते हाताने शिवायचे. माणूस इतका सरळ, की समोरचा बोलला ते खरं. संशय घ्यायचं काम त्यांनी बाईंवर सोपवलं होतं आणि बाई ते दोघांच्या वाटचं करायच्या. वांगी देठापासून बुडापर्यंत दाबून बघायच्या. पाहुणा "सहज आलो" म्हणाला, की सहज कोणी येत नाही असं धरून तो जेवून उठेपर्यंत त्याच्या तोंडाकडे बघत राहायच्या. मी लग्न होऊन आले, शाळेत लागले, तेव्हा माझ्याकडेही त्या तशाच बघत. फार गोड बोलते, असं त्यांचं माझ्याबद्दलचं मत होतं... आणि ते काही कौतुक नव्हतं.

त्यांच्या संशयाला कारणही होतं. मी येण्याआधी एका फिरत्या विक्रेत्याने भासऱ्यांना कपडे शिवायची मशीन काळा रंग देऊन चामड्याची म्हणून विकली होती. वरून टाके कसे ओळीने पडायचे! खाली मात्र धागा सैल, नुसते फासे. दप्तरांच्या मुठी भर बाजारात निसटल्या, लोक दारात येऊन बोलून गेले. ती मशीन भंगारात गेली आणि भासरे पुन्हा आरी घेऊन बसले. पण वर्षानुवर्षं जाड चामड्यात आरी दाबून त्यांच्या अंगठ्याचा सांधा सुजला होता. सकाळी तो वाकेचना. आता चांगली मशीन मिळाली तरच दुकान राहणार होतं, नाहीतर त्या वयात राईस मिलमध्ये पोती उचलायला जायचं. दुसऱ्यांदा फसायची सोय नव्हती.

अशात मी एक दिवस बोलून गेले, की पवनीला डोमाजी म्हणून आहेत, कानपूरला चामड्याचं काम करून आलेले, त्यांच्याकडची जाड कामाची मशीन विकायची आहे असं माझा भाऊ सांगत होता. पवनी माझं माहेर. झालं! त्या संध्याकाळी चुलीपाशी बाई भासऱ्यांना म्हणाल्या, मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात, "माहेरची मशीन आपल्या गळ्यात मारून राहिली. भावाचा काहीतरी हात असन त्याच्यात." मला जेवण गेलं नाही. ती मशीन खराब निघाली असती तर त्या घरात मी मान वर करून राहू शकले नसते, हे मला तेव्हाच कळलं.

आधी बाई, भासरे आणि मी भंडाऱ्याला एका दुकानात गेलो. तिथे नवी मशीन होती, चकचकीत. विक्रेत्याने मऊ चामड्याची पट्टी घेऊन सरळ शिवण मारून दाखवली. बाईंनी पिशवीतून स्वतःचं सामान काढलं... फाटक्या दप्तराची मूठ, चार पदरी, कोपऱ्यावर आणखी जाड. आणि दोन रिळं, एक काळं, एक लाल. "काळा वरून लाव, लाल खालून." मागच्या मशीनने शिकवलेली ही युक्ती. एकाच रंगाचे धागे असले की लबाडी दिसत नाही. वर लाल ठिपके आले की समजायचं, धागा नीट ओढला जात नाही. मूठ अर्धी झाली तोवर वर लाल पुरळ उठलं आणि कोपऱ्यावर सुई कडकन मोडली. विक्रेता म्हणाला, चामडंच वाईट आहे. बाई म्हणाल्या, "आमच्या गावात असंच चामडं राह्यते, बावा," आणि पिशवी उचलून बाहेर पडल्या.

पवनीला डोमाजींनी मशीनची एका शब्दानेही स्तुती केली नाही. हेही बाईंना खटकलं. मशीन जुनी, काही ठिकाणी रंग उडालेला, पण चामडं दाबून धरणारा तिचा पाय सुईबरोबर पुढे सरकायचा आणि ते अडू द्यायचा नाही. डोमाजींनी काळा धागा सुईत ओवला आणि मूठ शिवून दिली. कोपरासुद्धा न थांबता पार झाला. बाईंनी मूठ उलटी केली. वर सगळा काळा, खाली सगळा लाल. मला हायसं वाटलं, पण बाईंचा चेहरा आणखीच आवळला.

"येवढी चांगली मशीन हाय, त इकून काहून राहिले जी?"

"दिसत नाही आता डोळ्यानं."

"आत्ता त एका दमात सुई ओवली तुम्ही."

बाई उठल्या. "चला जी. इथं कुठंतरी पाणी मुरते." त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की मला धरणी दुभंगावी असं वाटलं. पण भासरे मशीनच्या स्टुलावर जाऊन बसले होते. चाकावर हात, तो सुजलेला अंगठा वर. "मी नाही येत," ते म्हणाले. बाईंना त्यांनी नाही म्हटलेलं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

मग डोमाजींनी आतल्या दाराकडे बघून आवाज खाली केला. "पोट्ट्याची सोयरीक जमून राहिली, बाई. तो आता हापिसात हाय. पोरीवाले घर पाहाले येतीन. चामड्याची मशीन दिसली नाही पाह्यजे म्हणते. चादर टाकतो म्हटलं... त तेही नको म्हणते."

बाई उभ्याच राहिल्या. मग डोमाजींच्या समोर खाली बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "आम्ही नेतो. दिवसाढवळ्या नेऊ. झाकून नाही नेणार." परतताना गाडीत त्या माझ्या शेजारी येऊन बसल्या. मग माझ्या मांडीवर हात ठेवला. "मास्तरीण, आपल्या पोट्ट्याबद्दल असं खोटं कोनी सांगत नाही." माझ्या भावाबद्दल त्यांनी माघार घेतली असेल तर ती तेवढीच.

ती मशीन पुढच्या खोलीत दारासमोर बसली, रस्त्याने जाणाऱ्याला आधी तीच दिसायची. भासरे तिच्यावर मजेत काम करत राहिले, ते गेल्यावर बाई शिवू लागल्या. पुढे माझी पवनीच्या शाळेत बदली झाली तेव्हा त्यांनी मला एक थैली शिवून दिली. वर काळा, खाली लाल. मी चिडवलं, "आता मशीनची खात्री झाली ना, मग लाल कायले?" म्हणाल्या, "मशीनची झाली. शिवनारीची कोनं देल्ली?" मी आयुष्यात इतकी कोणाला भ्यायले नाही आणि इतका कोणाचा आधारही मला वाटला नाही.

बाई गेल्या त्या दिवशी मोहाडीला पोचले, तर घरात माणसं जमलेली. बाईंचा मुलगा प्रकाश भंडाऱ्याला नोकरीत आहे, त्याच्या कचेरीतले लोक पुढच्या खोलीत बसले होते. आणि मशीनवर फुलाफुलांची चादर, चारही बाजूंनी नीट खोचलेली.

"काहून झाकली रे?" मी हळूच विचारलं.

"धूळ बसते, काकू."

मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. त्याने नजर वळवली. मी चादर ओढून घडी केली आणि कपाटात ठेवली. सुईखाली अर्धा शिवलेला पट्टा होता. उलटा केला... लाल धागा सरळ गेलेला, एकही टाका सैल नाही. त्या लोकांसमोर तिथेच मला हुंदका फुटला.

परवा प्रकाशचा निरोप आला, मशीन जागेवरच आहे, काळजी करू नका. असेलही. येत्या रविवारी मी मोहाडीला जाणार आहे. त्याला कळवलेलं नाही.