नळाच्या दिवशी कुलूप

नळाला पाणी येण्याआधी नळातून वारा येतो. घसा खाकरावा तशी तोटी खाकरते, ओल्या लोखंडाचा उग्र वास अंगणभर पसरतो आणि मग तांबूस धार पायरीवर आपटते. माझ्या लहानपणीचा प्रत्येक आठवा दिवस याच आवाजानं उजाडायचा आणि त्या दिवशी मी शाळेत नसायचे. बाबा वाळूजला कंपनीत पहिल्या पाळीला गेलेले, घरात आई एकटी, धार तासाभराची आणि तीही बारीक. ड्रम, हंडे, कळशा, शेवटी डाळीचे रिकामे डबेसुद्धा भरून घ्यायचे, म्हणजे आणखी दोन हात लागणारच. त्या गैरहजेरीचं कारण बाईंनी कधी विचारलं नाही. मुकुंदवाडीकडच्या आमच्या गल्लीतल्या साऱ्याच मुली त्या दिवशी गैरहजर असत. एवढं भरूनही सहाव्या दिवशी ड्रमाचा तळ दिसे आणि आई शेजारी पाणी मागायला निघे, तेव्हा रिकामी कळशी पदराखाली झाकून नेई.

तरी मी शिकले. आमच्या घराण्यात पदवीचा कागद पहिल्यांदा माझ्या नावानं आला, तोही रसायनशास्त्रातला. हे मी मिरवून सांगते, कारण ते मिरवण्यासारखंच आहे. पण पाण्यापुढं त्या पदवीचं घरात काही चालत नव्हतं. पिण्याचे दोन हंडे आई आठ दिवस जिवापाड जपायची, आम्हाला घोटाघोटानं प्यायला लावायची, आणि नळ आला की त्यांत जे काही उरलं असेल ते सरळ अंगणात ओतून द्यायची. शिळं पाणी! रात्रीची भाकरी सकाळी दुधात कुस्करून आनंदानं खाणारी माझी आई पाण्याच्या बाबतीत मात्र सोवळी होती, आणि गल्लीतल्या सगळ्याच बायका तशा होत्या. नळाच्या सकाळी आमच्या गल्लीतून आठवडाभर राखलेल्या पाण्याचा एक छोटासा ओढा गटाराकडे वाहत जाई, आणि त्यात कोवळं ऊन इतकं देखणं चमके की रागवावं की पाहत राहावं ते कळत नसे.

गेल्या माघात सोयगावहून मामाचा फोन आला. त्याच्या मुलीचं लग्न चैत्राच्या अखेरीस ठरलं होतं. आमच्याकडं नवरीला पहिली हळद थोरली आत्या लावते, आणि थोरली आत्या म्हणजे आई. गेली कित्येक वर्षं ती माहेरी सकाळी जाऊन संध्याकाळी परत येत होती. नळाच्या पाण्याची पाळी कधी पुढंमागं सरकेल याचा नेम नाही, म्हणून मुक्काम कधी नाही. कॅलेंडरवर बोट ठेवून तिनं दिवस मोजले. नळाचा दिवस नेमका हळदीच्याच आसपास पडत होता.

“मी राहते मागं, तुम्ही दोघं जा,” मी म्हणाले.

“तू मागं राहणार असशील तर मीबी जात नाय,” आई म्हणाली. “तुझी शाळा नळापायी बुडवली. आता बहिणीचं लगीनबी बुडवू व्हय?”

मग एकच वाट उरली, एक पाळी सोडून द्यायची. आठ दिवसांचं पाणी सोळा दिवसांना पुरवायचं, आणि हाताशी होते जेमतेम दोन महिने.

सुरुवात हंड्यांपासूनच करावी लागली. मी क्लोरीन सांगितलं, जंतू सांगितले, झाकण आणि स्वच्छ ओगराळं सांगितलं. आईनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “नळाला पाणी येतं कुठून?”

“पैठणच्या धरणातून.”

“आन तिथं कवापासून साठलंय?”

“मागच्या पावसाळ्यापासून.”

आई पदर तोंडाला लावून हसायलाच लागली. “आगं, मग नळाला येतं तेच शिळं हाय की!”

त्या दिवसापासून आमच्या अंगणात हंडा ओतला गेला नाही. रसायनशास्त्रानं तीन वर्षांत मला जे शिकवलं ते मला घरात रुजवता आलं नव्हतं. आईनं ते दोन प्रश्नांत रुजवलं, आणि पुढं घराची सूत्रं तिनंच हातात घेतली. तांदूळ धुतलेलं पांढुरकं पाणी कढीपत्त्याला जाऊ लागलं. कपडे खळबळलेलं पाणी बादलीत थांबून फरशीला आणि मोरीला मिळू लागलं. भांडी आधी राखेनं कोरडीच घासायची, मग एका घमेल्यात बुचकळायची, आणि स्वच्छ पाण्याचा हात शेवटी एकदाच. आल्यागेल्याला भरलेले पेले देण्याची शहरी रीत तिनं मोडली आणि माळ्यावरचं तांब्या-भांडं खाली काढलं. ज्याला जेवढी तहान तेवढं त्यानं ओतून घ्यावं, उष्टं उरत नाही, पाहुण्याचा मानही राहतो. कंपनीतल्या सवयीनं बाबा दाढी करताना ड्रमाची तोटी सुरू ठेवत. “कारखाना घरी आणू नका,” एवढं एकच वाक्य त्यांना पुरलं.

कडुलिंब मोहरला, गल्लीत त्याचा कडसर गोड गंध उतरला, दुपारचं ऊन पांढरं पडू लागलं, आणि आमच्या ड्रमातलं पाणी आठव्या दिवशीही अर्ध्याच्या वर दिसू लागलं. वाकून त्यात पाहिलं की आईचा चेहरा दिसे. मला तो पूर्वी कधी इतका निवांत दिसला नव्हता.

निघायच्या दिवशी पाळी होतीच. सगळी गल्ली दारात भांडी मांडून बसलेली, आणि आम्ही दाराला कुलूप लावत होतो. समोरच्या नसीमआपा हातातली बादली खाली ठेवून धावत आल्या.

“क्या गे, पानी के दिन ताला? कौन गुजर गया?”

“कोनी नाय गेलं आपा, लगीन हाय,” आई म्हणाली. “नळ येऊ दे, जाऊ दे. आपलं काय अडत नाय.”

आपा तोंडात बोट घालून तशाच उभ्या राहिल्या. आम्ही गल्लीच्या टोकाला पोहोचलो तेव्हा मागं पहिली तोटी खाकरली. माझी पावलं सवयीनं थबकली. आईची थबकली नाहीत. सिल्लोड मागं पडलं, घाटातलं वळण उतरून फर्दापूरकडचा गरम वारा एसटीच्या खिडकीतून आत आला, तरी मी मनात ड्रमच मोजत होते. आई खिडकीला डोकं टेकून शांत झोपली होती. आपण जपलेलं पाणी नेमकं काय असतं, हे मला तिच्या त्या झोपेकडे पाहताना थोडंसं उमगलं. पुरतं अजूनही उमगलेलं नाही.

आईनं भाचीला पहिली हळद लावली. माहेरी ती चार दिवस राहिली. एक पाळी आम्ही भरली नाही, आणि पुढची पाळी येईपर्यंत आमच्या घरात पाणी होतं.