हरणाच्या पाठीमागे

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी आयर्लंडमधल्या मलिंगारच्या हॉस्पिटलात डॉक्टर होतो. आमचे घरमालक, एक म्हातारे शेतकरी, मला हरणांच्या शिकारीला नेऊ लागले. माझा बंदुकीचा परवाना आला तेव्हा म्हणाले, "दबा धरून बसायची शिडी कुठल्या झाडाला लावायची, ते आता तू ठरव."

आठवडाभर मी रानाच्या कडेने फिरलो. वारा पश्चिमेचा, म्हणजे झाड हरणांच्या पूर्वेला हवं, नाहीतर त्यांना माझा वास लागणार. खुरांची वाट समोर हवी. पेशंट तपासतानाही डोक्यात झाडंच असायची. शेवटी एक ओक निवडला.

मालक शिडी चढून वर बसले. मग म्हणाले, "हरीण दिसेल. पण हरणाच्या मागे काय आहे?"

मी चिडलोच. मागे कुंपणाची झुडपं, आणखी काय असणार? पण स्वतः वर चढून पाहिलं. झुडपांपलीकडे आमच्या घराचा रस्ता होता. माझी बायको रोज सकाळी बाबागाडी ढकलत तिथूनच जायची. नेम चुकलेली गोळी काय करते, हे मी कॅज्युअल्टीत पाहिलं होतं.

मग आम्ही दुसरं झाड शोधलं. त्याच्या समोर मातीचा उंच चढ होता, गोळी अडवणारा. पहिल्याच सकाळी एक मोठं हरीण त्या चढापुढे येऊन उभं राहिलं. मी चढ पाहिला. रिकामा होता. पुन्हा पाहिला. तिसऱ्यांदा पाहून नजर खाली आणली, तोवर हरीण निघून गेलं होतं आणि मला सुटल्यासारखं वाटलं.