बसवण्णा खाली ऱ्हायलाय

आदेश सोमवारी सकाळी नऊ वाजता मिळाला. पाच दिवसांची पूर-ड्यूटी, आठ जणांचं सेक्शन, ठिकाण डोंगरपट्टी. मी सेक्शन लीडर. सोबत दोन दोर, चार बॅटऱ्या, एक वॉकी-टॉकी आणि प्रत्येकाला एक रेनकोट. पेटी उघडली तेव्हा रेनकोट सहाच निघाले.

पुढचं सांगण्याआधी एक गोष्ट साफ करते. गल्लीतले लोक मला फौजी बाई म्हणतात. मी फौजेत कधीच नव्हते. मी होमगार्डमध्ये होते, सव्वीस वर्षं. खाकी, शिट्टी, काठी, परेड, सॅल्यूट सगळं होतं. बंदूक फक्त कवायतीपुरती हातात आली. मी भरती झाले तेव्हा चौथी पास बाई चालायची. हुलसूरच्या मराठी शाळेत मी तेवढी शिकले होते. जत्रा, मतदान, मंत्र्यांचे दौरे आणि पूर, ह्यातच माझी सेवा गेली.

बसवकल्याणच्या पुढे, कलबुर्गीची हद्द लागायच्या आधी, डोंगराची एक पट्टी आहे. लोकवस्ती विरळ. एका वस्तीची हाक दुसऱ्या वस्तीला पोचत नाही. बस खालच्या फाट्यापर्यंतच जाते, पुढे दीड तास चढ. माती कमी, दगड जास्त. तूर आणि ज्वारी सोडून काही येत नाही. तरणी माणसं हैदराबादला नाहीतर पुण्याला कामाला, घरात म्हातारे आणि बैल.

पट्टीवर चार वस्त्या. सगळ्यात वर, तळ्याच्या बाजूला, बौद्धांची आठ घरं; निळा झेंडा आणि पत्र्याचं विहार. पलीकडच्या उतारावर लमाणी तांडा. तिथे पांढरा झेंडा. मधल्या खिंडीत दर्गा आणि दर्ग्याची सेवा करणारी तीन घरं. आणि सगळ्यात खाली, ओढ्याच्या काठाला, लिंगायतांची खालची वस्ती. त्यांच्या शेताच्या टोकाला, ओढ्याच्या उतारापाशी, दगडाचा नंदी आहे. गुडघ्याएवढा असेल. त्याला सगळे बसवण्णा म्हणतात.

त्या भागात कुणी वस्तीचं नाव घेत नाही. खूण सांगतात. "कुठं निघालास?" विचारलं तर "दर्ग्याकडं", "निळ्या झेंड्याकडं", "बसवण्णाकडं". टपालवाला सुद्धा तसाच चालतो. मराठी, कन्नड, दखनी, लमाणी, चार भाषा आहेत, पण खुणा सगळ्यांच्या त्याच. मला ही पद्धत सोयीची वाटायची. फार विचार करावा लागत नाही.

माझ्या सेक्शनमध्ये एक संगप्पा होता. बसवकल्याणचा, घरात कन्नड, बाहेर मराठी. एरवी तो तुरीच्या अडत्याकडे काटा धरायचा. खरेदीच्या दिवसांत पट्टीवर घरोघर फिरलेला, म्हणून वाटा त्याला पाठ. बडबड्या. चढ चढताना माझ्यामागून बोलत होता.

"अक्का, तुमी हसत कामून न्हाई? का त्येला बी कमांडर सायबाची आर्डर लागती?"

"लागती. तू दम राखून चाल."

"दम हाय मला. तुमचा बघा. बूट वाजायलाय तुमचा, आतून पानी शिरलंय."

बूट खरंच वाजत होता.

पहिले दोन दिवस नेहमीचं काम. वस्त्या फिरायच्या, माणसं मोजायची, ओढ्याच्या पाण्याच्या पातळीची खूण करायची आणि दर तासाला वायरलेसवर कंट्रोल रूमला कळवायचं. वरचं तळं जुनं होतं, मातीच्या बांधाचं. पाऊस चार दिवस थांबला नव्हता. तिसऱ्या दिवशी, बुधवारी, सकाळी आठ वाजता बांधाच्या पायथ्याशी गढूळ पाणी झिरपताना दिसलं. कंट्रोलकडून हुकूम आला, खालची वस्ती रिकामी करा, सगळ्यांना माळावरच्या शाळेत आणा.

अकरा घरं. आम्ही साडेआठला सुरुवात केली. लोक निघाले, पण रिकाम्या हाताने कुणी निघेना. कुणी कोंबड्या घेतल्या, कुणी तांब्याचा हंडा. एका बाईने पाटा उचलला होता, तो मी खाली ठेवायला लावला. सगळ्यात त्रास दिला नागव्वाने. सत्तरीची म्हातारी, आवाज कवायतीच्या उस्तादासारखा. ती नंदीपाशी जाऊन बसली.

"ह्येला बी न्या की वर."

"चौघांनी उचलायचं वजन हाय ते. आधी मानसं."

"आमी वर आन् बसवण्णा खाली? कसलं गं तुजं सरकार?"

"दगूड बुडत न्हाई, म्हातारे. ऊठ."

ती उठली, पण मला शिव्या देतच चढली. संगप्पा माझ्या कानाशी आला.

"अक्का, देवाला दगूड म्हनलात. आता सपनात शिंगं दावंल."

"दावू दे. त्येला म्हनावं परेडला ये."

मी बौद्ध घरातली. नंदी माझ्या लेखी दगड होता. आजही आहे. हे मी लपवत नाही, कारण पुढे जे झालं त्यात ह्याचा वाटा आहे.

सव्वादहाला शाळेत मी माणसं मोजली. त्रेचाळीस. यादीशी जुळली. मी कळवलं. मग चूल पेटवली, पिठलं टाकलं, लोक भिंतींना टेकून बसले. पुन्हा मोजणी केली नाही. दर तासाला करायची असते. मी केली नाही.

एक वाजून पाच मिनिटांनी कंट्रोल बोलला. ऑपरेटर दखनी बोलायचा.

"अक्का, बांध बैठने लगा है. सब लोगां ऊपर हैं क्या? ओव्हर."

"सब ऊपर हैं. तेतालीस. ओव्हर."

"पक्का?"

"पक्का."

दीडला पुन्हा तेच विचारलं. मी पुन्हा तेच सांगितलं. मी शाळेच्या खालच्या अंगाला, वाट संपते तिथे, सहा जणांना दोर धरून उभं केलं होतं. संगप्पा माझ्याजवळ. तिथून खालची वस्ती दिसत होती, पण पावसाच्या पडद्यामुळे घरं आणि झाडं वेगळी कळत नव्हती.

एक चाळीसला नागव्वा शाळेतून धावत आली. डोक्यावर पदर नव्हता. ती ओरडत होती, "बसवण्णा खाली ऱ्हायलाय! अगं बसवण्णा खाली ऱ्हायलाय!"

मला राग आला. सकाळचंच भांडण ती पुन्हा काढते असं मला वाटलं. माणसं मोजली होती, जुळली होती. मग खाली उरलं काय? तो दगड.

मी म्हणाले, "सांगितलं न्हवं तुला, दगूड बुडत न्हाई. आत जा."

ती कपाळ बडवायला लागली. बोलणं पुरं होईना, नुसतं नाव घेत होती. मी एका गार्डला तिला आत न्यायला सांगितलं. तेव्हा संगप्पा मधे आला. त्याने तिचे दोन्ही दंड धरले आणि कन्नडमध्ये विचारलं, "याव बसवण्णा? कल्लो, मनुष्यनो?"

कोणता बसवण्णा? दगड की माणूस?

एवढाच प्रश्न. तो मी विचारायला हवा होता. मला कन्नड येतं.

माणूस होता. नागव्वाच्या शेजारचा म्हातारा, नाव बसवण्णा, पंचाहत्तरीचा, कानाने ठार बहिरा. मुलं पुण्याला. घरात तो आणि एक बैल. सकाळी तो सगळ्यांबरोबर वर आला होता, माझ्या मोजणीत होता. बैल खाली बांधलेला राहिला म्हणून जेवणाच्या गडबडीत कुणाला न सांगता परत उतरला. नागव्वा त्याच्याहून थोडी लहान, पण लहानपणापासून ओळख, म्हणून तिने अप्पा, मामा काही न म्हणता सरळ नाव घेतलं. दुसऱ्या कुठल्याही बाईने "म्हातारा खाली ऱ्हायलाय" म्हटलं असतं.

मी खाली बघितलं. मग वर, तळ्याकडे. बांधाच्या मध्यावर पाणी काठाला लागलेलं दिसत होतं. खाली उतरायला दहा मिनिटं, चढायला वीस. मी हिशेब केला तो असा: एक म्हातारा गेला तर एक, संगप्पाही गेला तर दोन.

मी म्हणाले, "संगप्पा, थांब. खाली जायचं न्हाई. आर्डर हाय."

तो बूट काढत होता. ओल्या मुरमावर बूट घसरतात.

"ऐकू येतंय का तुला?"

"येतंय, अक्का. म्हाताऱ्याला येत न्हाई न्हवं."

तो गेला. मी दोनदा शिट्टी वाजवली. त्याने मागे पाहिलं नाही.

कंट्रोलला मी कळवलं. "एक आदमी नीचे है. हमारा एक जवान गया है. मेरी पहली रिपोर्ट गलत थी. ओव्हर."  पलीकडून आलं, "कॉपी."

एक पंचावन्नला बांध फुटला. आवाज मोठा नव्हता. ट्रकमधून मुरूम ओतावा तसा. आधी ओढा भरला, मग शेत, मग पहिली दोन घरं. त्याच वेळी पाऊस जरा उघडला आणि मला दिसलं. संगप्पाने बैल सोडवला होता. म्हाताऱ्याच्या दोन्ही मुठींत बैलाचं शेपूट दिलं होतं आणि स्वतः मागून बैलाला हाकत होता. पुरातून जाताना बैलाचं शेपूट धरायचं, हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे. बैल वाट सोडत नाही. बैल चढला, म्हातारा फरफटत मागे. संगप्पा तीन हात मागे होता. बांधाचा उरलेला तुकडा तेव्हा गेला.

माझ्या सहा जणांनी दोर टाकून म्हाताऱ्याला वर ओढलं. दोन वाजून बारा मिनिटं.  तो बैलाच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. त्याला कुणी आणलं हे त्याला नंतर खुणांनी सांगावं लागलं.

संगप्पा गुरुवारी सकाळी सातला सापडला. ओढा पुढे वळतो तिथल्या बाभळीत. तांड्यातल्या पोरींनी पाहिला. चार वस्त्यांच्या माणसांनी त्याला उचलून फाट्यापर्यंत आणला. दर्ग्यातली चादर अंगावर होती, कारण कोरडं कापड तेवढंच उरलं होतं.

शनिवारी कंपनी कमांडरांनी बोलावलं. रिपोर्ट लिहायचा होता. मला मराठीच लिहिता येतं, कन्नड भाषांतर कारकून करणार होता. साहेब माणूस म्हणून वाईट नव्हते.

"असं लिही," ते म्हणाले. "सेक्शन लीडरच्या आदेशावरून खाली गेला."

"मी आदेश दिला न्हवता, सर. थांब म्हनले हुते."

"अगं बाई, आदेश मोडला असं लिहिलंस तर त्याच्या घरच्यांचे भरपाईचे कागद अडकतील. आदेशावरून गेला म्हण. त्याचंही बरं, तुझंही बरं."

माझंही बरं होतं, हे खरं. मी एक दिवस मागून घेतला.

रविवारी मी संगप्पाच्या घरी गेले. बायको शरणव्वा ओट्यावर तूर निवडत बसली होती. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. दुसरी मोजणी राहिली, नाव चुकलं, थांब म्हटलं, गेला. साहेब काय म्हणतात तेही सांगितलं.

ती सुपातले खडे काढत ऐकत होती.

"म्हंजी तुमी पाठवला न्हाई?"

"न्हाई."

"थांब म्हनला, तरी गेला?"

"व्हय."

"माजं बी कदी ऐकला न्हाई," ती म्हणाली. मग म्हणाली, "म्हातारा जित्ता हाय न्हवं?"

"हाय."

"मग कागद अडकू द्या. ऐकला न्हाई असंच लिवा. तुमी पाठवला म्हनून लिवलं तर त्येचं जानं तुमचं व्हतंय."

कागद अडकलेच. पुढे सरकायला बराच काळ गेला. त्या काळात शरणव्वा दुसऱ्याच्या रानात तूर कापायला जायची. एकदाही माझ्याकडे आली नाही. मी जायचे. ती चहा द्यायची.

रिपोर्ट मी सोमवारी दिला. माझं अक्षर चौथीतलं आहे, पण कारकुनाने एक शब्दही बदलू नये म्हणून मी समोर बसून राहिले. शेवटच्या ओळी अशा होत्या: होमगार्ड संगप्पा, वय एकेचाळीस. खाली जाऊ नको, असा सेक्शन लीडरने हुकूम दिला. हुकूम चुकीचा होता. संगप्पाने तो मोडला. म्हातारा जिवंत आहे. संगप्पा नाही.