अर्ध्या तिकिटाची सरहद्द

रत्नमाला मॅडम नवरा सोडून जपानला पळणार, अशी कोंढा गावात कुजबुज होती. उगाच नव्हे हं. मॅडमच्या पासपोर्टच्या चौकशीला पोलीस येऊन गेला, हे शेजारच्या देवकाबाईनं स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. आणि देवकाबाईच्या कानांना कुंपण नाही. "मास्तरीन उडून राहिली वं," तिनं हातपंपावर जाहीर करून टाकलं.

बिचाऱ्या मॅडमचं दुखणं वेगळंच. पावसाळ्यात केंद्रप्रमुख तिच्या चौथीच्या वर्गावर आले आणि म्हणाले, एका परदेशाचं नाव सांगा. खुशबू ताडकन उठली.

"बालाघाट!"

"अन् जपान?"

"ते तं आपल्या पवनीत हाय, सर."

साहेब पोट धरून हसले. जाताना म्हणाले, "दिवाळीनंतर येतो. याच पोरीला विचारीन." तेव्हापासून मॅडमच्या घशाखाली घास उतरेना.

पोरगी मठ्ठ असती तर परवडलं असतं. आईसोबत मावशीकडे मध्य प्रदेशात, बालाघाटला जाताना तिनं कंडक्टरचं ऐकलं होतं: बायांचं अर्धं तिकीट महाराष्ट्राच्या सरहद्दीपर्यंतच, पुढं पूर्ण. पाट्याही हिंदीत. मग तो परदेश नाही तर काय? आणि जपानी पाहुणे पवनीकडच्या बौद्ध विहारात येत, मांडी घालून वरणभात खात. ते परके कसे?

मॅडमनं घरून गंज, म्हणजे लहानमोठी पातेली, आणून एकात एक ठेवली: हा कोंढा, हा भंडारा, हा महाराष्ट्र, हा भारत. "अन् जपानचा गंज चुलीवर हाय का?" खुशबूनं विचारलं. वर्ग खिदळला. नकाशा काढला, तर त्यावर जपान वीतभरच लांब. मॅडमनं कपाळ बडवलं.

"अवं, राहू दे न पोरीले तिच्या जपानात," नवरा प्रफुल्ल म्हणाला. "तू काहून जीव जाळून राहिली?"

दिवाळी झाली. साहेब सोमवारी येणार होते. शनिवारी मॅडमनं निळा पासपोर्ट वर्गात आणला.

"बालाघाटले जाताना हे कोणी मांगलं का?"

"नाही."

"जपानले मांगतात. शिक्का मारतात. समजलं?"

खुशबूनं एकेक पान उलटलं. "शिक्काच नाही, मॅडम. तुमी गेल्याच नाही?"

"नाही."

"मंग तुमाले कसं मालूम?"

सोमवारी साहेबांनी तोच प्रश्न विचारला. खुशबू म्हणाली, "परदेश पाहेलं आमच्या गावात कोणीच नाही, सर. मॅडमनंबी नाही." साहेबांनी 'भूगोल कच्चा' असा शेरा लिहिला.

मॅडम जपानला जाणार नव्हती. पासपोर्ट तिनं चौथीच्या वर्गाला दाखवायला काढला होता.